बन्नीचे गवताळ रान आणि मालधारी : स्थानिक वनस्पतींच्या पुनर्स्थापनेतील भागीदारी

प्रस्तावना

पर्यावरण हा विषय आता शाळेच्या पहिल्या इयत्तेपासून पदवी वर्गापर्यंत शिकविला जातो. दरवर्षी जून-जुलैमध्ये वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात, रोपे वाटली जातात. परंतु एखाद्या जमिनीवर मुळात कोणती वनस्पती होती, ती का नाहीशी झाली, ती परत आणावयाची तर ते काम कोणी कोणाच्या सोबतीने करावयाचे, या प्रश्नांचा विचार फारसा होत नाही. झाड लावणे आणि उजाड झालेली परिसंस्था पुन्हा उभी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी कधी तर चुकीच्या जागी लावलेले झाड हेच परिसंस्थेच्या नाशाचे कारण ठरते.

प्रस्तुत लेखात गुजरातमधील कच्छ जिल्ह्यातील बन्नी या गवताळ प्रदेशाचे उदाहरण घेतले आहे. ही निवड करण्याची कारणे तीन. एक, परकी झाड लावल्याने देशी गवताचे रान कसे ढासळते याचे हे ठळक उदाहरण आहे. दोन, येथील पुनर्स्थापनेच्या प्रयत्नात पशुपालक, स्वयंसेवी संस्था, शास्त्रज्ञ व शासन हे चारही घटक आहेत आणि त्यांच्यातील सहकार्य व संघर्ष दोन्ही पाहावयास मिळतात. तीन, येथील पशुपालक म्हणजे मालधारी हे बहुसंख्येने मुस्लिम असून औपचारिक शिक्षणात मागे राहिलेले आहेत. तरी त्यांच्याजवळचे गवताचे व गुरांचे ज्ञान हे विद्यापीठातील संशोधकांना मार्गदर्शक ठरले आहे. शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्यांनी ही बाब समजून घेणे आवश्यक वाटते.

पुनर्स्थापना म्हणजे काय?

ऱ्हास पावलेल्या, हानी झालेल्या किंवा नष्ट झालेल्या परिसंस्थेला पूर्वपदावर येण्यास मदत करणे म्हणजे परिसंस्थेची पुनर्स्थापना होय. या व्याख्येतील 'मदत करणे' हे शब्द महत्त्वाचे आहेत. माणूस परिसंस्था निर्माण करीत नाही. तिच्या वाटेतील अडथळे दूर करतो. कोठे अडथळा परक्या झाडाचा असतो, कोठे अडविलेल्या पाण्याचा, तर कोठे कायद्याचाही असतो.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ ते २०३० हे परिसंस्था पुनर्स्थापनेचे दशक म्हणून जाहीर केले आहे. २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर ऱ्हास पावलेली जमीन पुनर्स्थापित करण्याचा संकल्प भारताने २०१९ मध्ये जाहीर केला. एवढे मोठे काम एकट्या वन खात्याला किंवा एखाद्या संस्थेला झेपणारे नाही. जमीन एकाची, ज्ञान दुसऱ्याचे, पैसा तिसऱ्याचा आणि श्रम चौथ्याचे अशी येथे वाटणी असते. म्हणून भागीदारी हा पुनर्स्थापनेचा पायाच मानला पाहिजे.

बन्नी : भूमी आणि माणसे

भुज शहराच्या उत्तरेस, कच्छच्या मोठ्या रणाच्या दक्षिण काठावर सुमारे २५०० चौरस किलोमीटरचा सपाट प्रदेश म्हणजे बन्नी. नद्यांनी आणलेल्या गाळाची ही भूमी आहे. १६ जून १८१९ रोजी झालेल्या मोठ्या भूकंपात या भागाच्या वायव्येस जमिनीचा एक लांबच लांब उंचवटा तयार झाला. लोकांनी त्याला 'अल्लाह बंद' म्हणजे ईश्वराने बांधलेला बांध असे नाव दिले. या उंचवट्यामुळे सिंधू नदीच्या एका शाखेचे कच्छकडे येणारे पाणी अडले.

पाऊस कमी व बेभरवशाचा. काही वर्षी दुष्काळ, तर काही वर्षी सखल भागात पाणी साचून तळी होतात व देशोदेशीचे पक्षी उतरतात. जमिनीत क्षार आहेत. अशा जमिनीवर घनदाट जंगल होत नाही. येथे गवत होते. धामण, जिंजवो म्हणजे आपल्याकडील मारवेल, खेवई ही गवते आणि खारट जमिनीत लाणो नावाची मांसल पानांची वनस्पती येथे उगवते. मधूनमधून शमी, पिलू, नेपती व देशी बाभूळ अशी झाडे असतात. हे विरळ झाडांचे गवताळ रान हीच बन्नीची मूळ परिसंस्था होय.

या गवतावर शेकडो वर्षे मालधारी समाज जगत आला आहे. कच्छी व गुजराती भाषेत 'माल' म्हणजे गुरेढोरे. ती सांभाळणारा तो मालधारी. जत, मुतवा, हालेपोत्रा, रायसीपोत्रा, हिंगोरजा अशा अनेक मुस्लिम जमाती व त्यांच्याबरोबर मेघवाळ समाज येथील सुमारे पन्नास गावा-वस्त्यांत राहतो. कच्छच्या रावांच्या काळात बन्नी हे चराईसाठी राखून ठेवलेले रान होते व तेथे शेती करण्यास मनाई होती. गावागावांत कुंपण नव्हते. पाऊस जेथे पडला, गवत जेथे आले, तेथे कळप जात. एका ठिकाणचे गवत संपण्यापूर्वी कळप पुढे सरके व त्या जागेला विसावा मिळे. म्हणजे चराई ही येथे गवताची शत्रू नव्हती. गवत, गुरे व फिरता पशुपालक या तिघांचा मिळून तो एक व्यवहार होता.

वेड्या बाभळीचे आगमन

प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा ही मूळ अमेरिका खंडातील काटेरी वनस्पती. भारतात ती १८७७ च्या सुमारास आणली गेली. गुजरातमध्ये तिला 'गांडो बावळ' म्हणतात, आपल्याकडे वेडी बाभूळ किंवा विलायती बाभूळ. वेडी म्हणण्याचे कारण उघड आहे. ती कोठेही, कशीही वाढते.

बन्नी प्रदेश १९५५ मध्ये संरक्षित वन म्हणून घोषित झाला. त्यानंतर १९६१ मध्ये रणाचा खारटपणा दक्षिणेकडे सरकू नये या उद्देशाने वन खात्याने सुमारे ३१,५०० हेक्टरवर वेड्या बाभळीची लागवड केली. हेतू वाईट नव्हता. खारट जमिनीत, कमी पाण्यात, खत-निगराणीशिवाय वाढणारे, जळणही देणारे झाड त्या काळी वरदानच वाटले असणार. पुढच्या काही दशकांत मात्र ती लागवडीच्या क्षेत्राबाहेर पसरत गेली व बन्नीच्या निम्म्याच्या आसपास भागावर कमी-अधिक दाटीने तिचे रान माजले.

हा प्रसार कसा झाला हे समजून घेण्यासारखे आहे. वेड्या बाभळीच्या शेंगा गोडसर असतात. दुष्काळात गवत नसताना गुरे त्या आवडीने खातात. बीचे कवच टणक असल्याने ते पोटात पचत नाही. उलट ते मऊ होऊन शेणातून बाहेर पडल्यावर बी लवकर रुजते. शेणाचे खत आयतेच मिळते. गुरे जेथे फिरतात तेथे बाभूळ पोहोचते. एकदा मूळ धरले की ते खोल जाते. झाड जमिनीच्या वर तोडले तर मरत नाही. खुंटाला अनेक धुमारे फुटतात व एका खोडाच्या जागी काटेरी जाळी उभी राहते. तिच्या दाट सावलीत उन्हाची सवय असलेले गवत टिकत नाही.

याच काळात बन्नीकडे वाहत येणाऱ्या नद्यांवर धरणे झाली. पुराचे गोडे पाणी जमिनीवर पसरून क्षार धुऊन नेत असे, ते कमी झाले. म्हणजे गवताच्या ऱ्हासाचा सगळा दोष एका झाडावर टाकता येणार नाही. परंतु खारटपणा वाढला, गवत मागे हटले आणि रिकाम्या झालेल्या जागी बाभूळ शिरली, असा हा एकत्रित परिणाम झाला.

पशुधनावर व माणसांवर झालेला परिणाम

बन्नीचे पशुपालक पूर्वी प्रामुख्याने कांकरेज गायी पाळत. गायींनी बाभळीच्या शेंगा जास्त खाल्ल्या की त्या आजारी पडत, त्यांना चावता-पचविता येईनासे होई व पुष्कळ गायी दगावत. म्हशींना हा त्रास तुलनेने कमी होतो. परिणामी मालधारी हळूहळू गायींकडून म्हशींकडे वळले. एका परक्या झाडाने एका समाजाचे पशुधन बदलून टाकले.

बन्नीची म्हैस हे मालधारींच्या निवडीचे व निगराणीचे फळ आहे. पिळदार शिंगांची ही म्हैस उन्हाळ्यात रात्री चरावयास जाते व पहाटे आपणहून घरी परतते. २०१० मध्ये तिला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली. शाळेची पायरी न चढलेल्या पशुपालकांनी वंशावळ तोंडपाठ ठेवून ही जात घडविली, हे येथे नमूद केले पाहिजे.

दुसरी बाजूही पाहावी लागेल. वेड्या बाभळीने गरिबांना जळण दिले. दुष्काळात शेंगांवर जनावरे तगली. कोळसा पाडणे हा अनेक कुटुंबांचा रोजगार झाला. ज्याच्याकडे म्हशी आहेत त्याला गवत हवे आणि ज्याच्याकडे जनावर नाही त्याला बाभूळ हवी, असे एकाच गावात दोन हितसंबंध निर्माण झाले. पुनर्स्थापनेची योजना आखताना हा दुसरा माणूस विसरला, तर ती योजना त्याच्यावर अन्याय करणारी ठरेल.

तोड झाली, पण गवत परतले नाही

२००४ मध्ये गुजरात शासनाने बाभळीपासून कोळसा पाडण्यावरील बंदी उठविली. बाभूळ कमी होईल व लोकांना रोजगारही मिळेल, असा दुहेरी लाभ यात दिसत होता. कोळशाचे उत्पादन वाढले, पैसाही आला. पण कोळशासाठी लागते ते लाकूड. मूळ उपटण्याचे कष्ट घेण्यात कोळसा पाडणाऱ्याचा फायदा नव्हता. खुंट जमिनीत राहिले व पुन्हा फुटले. कोळशाच्या भट्टीत देशी झाडेही जात असल्याच्या तक्रारी आल्या. अखेर २००८ मध्ये पुन्हा बंदी आली.

या अनुभवातून असे दिसून येते की, केवळ बाजाराच्या बळावर पुनर्स्थापना होत नाही. बाभूळ काढणाऱ्याचा लाभ जोवर लाकडाशी जोडलेला आहे, तोवर बाभूळ पुन्हा वाढावी हेच त्याच्या सोयीचे असते. तोच लाभ परतणाऱ्या गवताशी व दुधाशी जोडला, तर मूळ उपटण्याचे कारण मिळते. भागीदारीची रचना करताना लाभ कशाशी बांधला आहे, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे.

भागीदारीची घडण

२००८ मध्ये बन्नीतील पशुपालकांनी आपली संघटना उभी केली. 'बन्नी पशु उच्छेरक मालधारी संघटन' या नावाने ती ओळखली जाते. भुज येथील सहजीवन ही स्वयंसेवी संस्था तिच्या पाठीशी होती. दरवर्षी पशुमेळा भरू लागला. बन्नी म्हशीची नोंद, तिची मान्यता, दूध संकलनाची व्यवस्था ही कामे पुढे आली. दुधाला खात्रीचा भाव मिळू लागल्यावर गवताचे मोल पैशात दिसू लागले.

पुढे अशोका ट्रस्ट फॉर रिसर्च इन इकॉलॉजी अँड द एन्व्हायर्नमेंट म्हणजे 'अत्री' आणि अन्य संस्थांतील संशोधक बन्नीत काम करू लागले व होडको येथे दीर्घकालीन अभ्यासासाठी केंद्र सुरू झाले. बाभूळ मुळासकट काढलेला तुकडा, फक्त फांद्या छाटलेला तुकडा आणि हात न लावलेला तुकडा असे शेजारी शेजारी ठेवून गवताची वाढ वर्षानुवर्षे मोजणे हे या अभ्यासाचे एक अंग आहे. कोणते गवत कोणत्या मातीत येते, कोणत्या गवताने दूध वाढते, कोणते गवत पावसानंतर प्रथम उगवते, याची माहिती मालधारींकडून मिळते. ती मोजून, नोंदवून, पडताळून पाहण्याची पद्धत संशोधक आणतात. दोघांपैकी एकाचे ज्ञान दुसऱ्याच्या ज्ञानाची जागा घेऊ शकत नाही.

काही गावांनी आपल्या शिवारातील तुकडे निवडून तेथील बाभूळ जेसीबी यंत्राने मुळासकट काढली व पावसानंतर तेथे गवत येऊ दिले. या कामाचे टप्पे साधारणपणे असे असतात :

१. जागेची निवड. जेथे मातीत अजून देशी गवताचे बी व मुळे शिल्लक आहेत, खारटपणा फार वाढलेला नाही, अशी जागा आधी घेतात. गावातील जाणती माणसे ही जागा दाखवितात.

२. बाभूळ मुळासकट काढणे. खोड व मूळ जेथे मिळतात तो भाग जमिनीखाली असतो. तो निघाला नाही तर धुमारे फुटतात. शमी, पिलू, नेपती यांसारखी देशी झाडे मात्र राखली जातात.

३. पहिल्या पावसानंतर चराई थांबविणे. गवताला फुलोरा येऊन बी पडेपर्यंत गुरे आत सोडली जात नाहीत. हा निर्णय गावाने घेतला तरच पाळला जातो.

४. नंतर मर्यादित चराई. गवत कायमचे कोंडून ठेवले तर ते वाळून दाटते व नव्या कोंबाला वाव राहत नाही.

५. दरवर्षीची राखण. शेणातून बाभळीचे बी येतच राहते व मातीत ते बराच काळ टिकते. लहान रोपे हाताने उपटणे हे एका वर्षाचे काम नव्हे. पैसा देणारी संस्था तीन वर्षांनी जाते. रोपे उपटणारे गाव तेथेच राहते.

हक्काचा प्रश्न

पुनर्स्थापनेची चर्चा वनस्पतीपासून सुरू होते आणि जमिनीच्या हक्कापर्यंत येऊन थांबते. बन्नी १९५५ पासून संरक्षित वन आहे, पण तेथील लोकांच्या हक्कांची चौकशी करून नोंद करण्याचे काम अपुरेच राहिले. २००९ च्या सुमारास वन खात्याने बन्नीसाठी कार्य आयोजना तयार केली. तीत गवताळ प्रदेशाचे भाग पाडून काही भाग कुंपणाने बंद करण्याचा विचार होता. खात्याच्या दृष्टीने ती पुनर्स्थापनाच होती. मालधारींच्या दृष्टीने मात्र फिरती चराई मोडणे म्हणजे बन्नीची पद्धतच मोडणे होते. 'बन्नी को बन्नी रहने दो' ही मागणी त्यातून पुढे आली.

वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला. या कायद्याने पशुपालकांच्या चराईच्या हक्कालाही मान्यता दिली आहे आणि सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. बन्नीतील गावांनी या कायद्याखाली सामूहिक दावे दाखल केले. त्यांच्या निर्णयाला विलंब होत गेला. दरम्यान रानात खाजगी शेतीसाठी अतिक्रमणे वाढू लागली. यात बाहेरचे होते तसे आतलेही होते. २०१८ मध्ये मालधारी संघटनेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे धाव घेतली. मे २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला व मालधारींचा चराईचा हक्क कायम असल्याचे स्पष्ट केले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्यांच्यावर अतिचराईचा ठपका ठेवला जाई, तेच रान वाचविण्यासाठी न्यायाधिकरणात गेले. जे रान आपले राहील याची खात्री नाही, त्या रानातील बाभळीचे रोप कोणी उपटावे? हक्काची निश्चिती ही भागीदारीनंतर द्यावयाची बक्षिसी नसून भागीदारीची पूर्वअट आहे, हे बन्नीवरून स्पष्ट होते.

२०२३ मध्ये चित्त्यांच्या प्रजननासाठी बन्नीत कुंपणबंद क्षेत्र उभारण्याच्या योजनेला केंद्र शासनाची मान्यता मिळाली. गवताळ रानाचे मोल शासनास पटले, ही एका अर्थी चांगली गोष्ट आहे. परंतु चित्त्याचे कुंपण आणि मालधारींची फिरती चराई यांचा मेळ कसा घालावयाचा, हा जुनाच प्रश्न त्यामुळे नव्याने उभा राहतो.

तुलनेसाठी तीन उदाहरणे

केवलादेव, भरतपूर : राजस्थानातील या पक्षी उद्यानात १९८२ मध्ये चराई बंद करण्यात आली. गावकऱ्यांचा विरोध झाला, गोळीबार झाला, माणसे दगावली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात असे आढळले की, म्हशींची चराई थांबल्यावर पाणथळ जागेत पास्पालम जातीचे गवत बेसुमार माजले व पाणपक्ष्यांचे अधिवास आक्रसले. म्हशी हा त्या परिसंस्थेचा घटक बनला होता. गावकऱ्यांना आधी विचारले असते व अभ्यास आधी झाला असता, तर ही हानी टळली असती.

राव जोधा डेझर्ट रॉक पार्क, जोधपूर : मेहरानगड किल्ल्याजवळची सुमारे ७० हेक्टर खडकाळ जमीन वेड्या बाभळीने व्यापली होती. किल्ल्याच्या विश्वस्त संस्थेने २००६ मध्ये हे काम हाती घेतले व वृक्षतज्ज्ञ प्रदीप क्रिशन यांनी त्याचे नेतृत्व केले. बाभळीची मुळे कठीण ज्वालामुखीजन्य खडकात रुतलेली असल्याने ती निघत नव्हती. तेव्हा खाणीत दगड काढणारे खंडवालिया कारागीर बोलाविले गेले. हातोडीच्या ठोक्याचा आवाज ऐकून खडक कोठे ठिसूळ आहे हे ते ओळखत. त्यांनी छिन्नी-हातोडीने मुळे काढली व तेच खड्डे थोर, कुमट यांसारख्या वाळवंटी वनस्पतींच्या लागवडीसाठी उपयोगी पडले. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात न मिळणारे ज्ञान कारागिराच्या कानात होते.

वालपराई, तमिळनाडू : अनामलाई डोंगरातील चहा-कॉफीच्या मळ्यांत पर्जन्यवनाचे तुकडे शिल्लक आहेत. जमीन मळेवाल्या कंपन्यांची. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेने सन २००० नंतर कंपन्यांशी समझोते करून या तुकड्यांतील घाणेरी व इतर तण काढले, रोपवाटिका उभारली व शंभराहून अधिक देशी जातींची रोपे लावली. सिंहपुच्छ वानर व धनेश यांसारखे प्राणी-पक्षी या तुकड्यांच्या आधाराने मळ्यांच्या प्रदेशात टिकून आहेत. खाजगी मालकीच्या जमिनीवरही पुनर्स्थापना शक्य आहे, मात्र तेथे करार लेखी व दीर्घ मुदतीचा हवा, हा येथील धडा.

भागीदारीची परीक्षा

वरील उदाहरणांवरून कोणत्याही पुनर्स्थापना प्रकल्पास पुढील पाच प्रश्न विचारता येतील.

१. या जागेवर मूळ काय होते, वन की गवताळ रान की खडकाळ सडा? ते कोणाच्या सांगण्यावरून ठरविले?

२. जमिनीवर कोणाचा हक्क आहे आणि तो कागदावर नोंदलेला आहे काय?

३. निर्णयाच्या बैठकीत पशुपालक, मजूर, स्त्रिया व भूमिहीन यांना जागा आहे काय, की त्यांना केवळ कामावर बोलाविले जाते?

४. लाभ कशाशी बांधला आहे? लावलेल्या रोपांच्या संख्येशी, की परत आलेल्या परिसंस्थेशी?

५. निधी संपल्यावर राखण कोण करणार?

यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नसेल, तर त्या प्रकल्पास भागीदारी न म्हणता कंत्राट म्हणणे योग्य होईल.

आपल्या परिसरातील गायराने व सडे

बन्नी दूर वाटली तरी तिची गोष्ट आपल्या दाराशी आहे. बेळगाव, सोलापूर, हैदराबाद हा दख्खनच्या पठाराचा पट्टा. येथील कमी पावसाच्या भागात माळरान हीच मूळ परिसंस्था आहे. लांडगा, माळढोक, काळवीट हे या माळाचेच रहिवासी. शासकीय दप्तरात मात्र अशा जमिनीची गणना बहुधा पडीक जमिनीत होते. हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साहाय्याने केंद्र शासनाने तयार केलेल्या २०१९ च्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात देशाची सुमारे १७ टक्के भूमी पडीक ठरली आहे. उलट एम. डी. मधुसूदन व अबी वनक यांच्या अभ्यासानुसार देशाच्या सुमारे १० टक्के भूभागावर माळराने, झुडपी राने, वाळवंट यांसारख्या खुल्या नैसर्गिक परिसंस्था आहेत व त्यांचा ५ टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित क्षेत्रात येतो. एकाची पडीक जमीन ही दुसऱ्याची परिसंस्था असते.

गोवा व कोकणातील जांभ्या दगडाचे सडे हे दुसरे उदाहरण. उन्हाळ्यात ते काळे व उजाड दिसतात. पावसाळ्यात त्यांवर अगदी पातळ मातीच्या थरात इवल्या फुलांच्या, काही तर कीटक खाणाऱ्या वनस्पतींचा गालिचा पसरतो. जगात अन्यत्र न आढळणाऱ्या काही जाती येथे आहेत. अशा सड्यावर बाहेरची माती आणून ऑस्ट्रेलियन अकेशियाची रोपे लावणे ही बन्नीतील चुकीचीच पुनरावृत्ती होय.

गावाचे गायरान हे सामूहिक मालकीचे कुरण. सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंह खटल्यात राज्यांना निर्देश दिले आहेत. परंतु गायरान वाचविण्यासाठी आधी तेथे काय उगवते याची नोंद हवी. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे व तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. या कामात आपल्या शिक्षणसंस्था पुढीलप्रमाणे भागीदार होऊ शकतील.

विद्यार्थ्यांनी एका गायरानाचा किंवा माळाचा एक मीटर चौरसाचा तुकडा आखून दर महिन्याला त्यातील वनस्पतींची नोंद करावी. गावातील धनगर, गवळी व वृद्ध शेतकरी यांच्या मुलाखती घेऊन गवतांची स्थानिक नावे, त्यांचा उपयोग व नाहीसे झालेल्या जाती लिहून घ्याव्यात. कब्रस्ताने व दर्ग्याभोवतालच्या जुन्या जागांतील वनस्पतींचीही नोंद करावी. जेथे नांगर फिरला नाही तेथे जुन्या वनस्पती टिकून असण्याचा संभव असतो. संस्थेच्या आवारात रोपे लावताना परक्या शोभिवंत झाडांऐवजी त्या भागातील जाती निवडाव्यात. या गोष्टींना फार पैसा लागत नाही. त्यांना सातत्य लागते.

समारोप

बन्नीची गोष्ट अजून संपलेली नाही. बाभूळ आजही आहे, खारटपणा आहे, हक्काचा वाद आहे. तरीही तेथील अनुभवातून काही निष्कर्ष निश्चितपणे काढता येतात. परिसंस्था न ओळखता केलेली लागवड दशकानुदशके नुकसान करू शकते. परकी वनस्पती नुसती तोडून जात नाही. तिच्या जागी काय यावे हे ठरवावे लागते व ते येईपर्यंत राखण करावी लागते. चराई करणारा समाज हा समस्येचे कारण मानला गेला, पण त्याच्याविना उपाय होऊ शकत नाही. आणि ज्ञानाची भागीदारी हक्काच्या भागीदारीवाचून टिकत नाही.

बन्नीतील वृद्ध मालधारीला गवताची नावे येतात, त्याच्या नातवाला ती येतीलच असे नाही. तो नातू शाळेत जाऊ लागला आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु शाळेने त्याला अक्षर देताना त्याच्या आजोबांचे गवत विसरावयास लावू नये, एवढी जबाबदारी शिक्षणक्षेत्राची आहे. आपल्या गावच्या गायरानाबाबतही हेच म्हणता येईल.